कागदावरचा ठेका

आमच्या सोसायटीच्या मागे एक लॉन्स आहे. हिंजवडी-वाकड पट्ट्यात मंगल कार्यालयाला आता कुणी मंगल कार्यालय म्हणत नाही. लॉन्स म्हणतात, आणि तेही अनेकवचनात. लग्नसराईत आमच्या खिडक्यांच्या काचा रोज संध्याकाळी सातपासून थरथरू लागतात. दहाला आवाज बंद करायचा नियम असल्यामुळे पावणेदहाला डीजेवाला राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढतो. अशाच एका वरातीत मध्येच 'शोला जो भडके' लागलं. खालचा दणका आजचा होता, वरची सुरावट मात्र १९५१ची. तोवर कडेच्या खुर्च्यांवर कंटाळून बसलेली फेटेवाली पिढी एकदम उठली. एक हात कमरेशी, दुसरा वर, गुडघे किंचित वाकलेले, पाय जमिनीवरून जेमतेम घासत जाणारे. भगवानदादांची चाल! ती कुणाला शिकवावी लागत नाही. मराठी पुरुषाला नाचता येवो न येवो, हे एवढं येतंच.

रात्री मी ते गाणं ज्यातलं, तो 'अलबेला' पुन्हा लावून बसलो. त्यातल्या 'दीवाना परवाना' या गाण्यात पडद्यावर एक बँड दिसतो. झालरी लावलेल्या फुगीर बाह्यांचे, क्युबन थाटाचे सदरे घातलेली माणसं आणि त्यांच्यात ट्रम्पेट वाजवणारा एकजण. चित्र थांबवून मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हा नट नव्हे. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा हा अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांतून त्याला 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत, आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग असंही म्हणत. पडद्यावरचा बँड त्याचा स्वतःचा. वरातीत नाचणाऱ्या त्या फेटेवाल्यांच्या पायांत जो ठेका होता, त्याचा माग या माणसापर्यंत आणि त्याच्याही मागे जातो. हा लेख त्या मागाचा आहे.

आधी 'डान्स बँड' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपण बँड म्हटलं की वरातीतला बँड समजतो, नाहीतर केस वाढवलेली चार गिटारवाली मुलं. डान्स बँड या दोन्हींहून निराळा. आठ ते चौदा माणसं, अंगात एकसारखे कोट, समोर नोटेशनचे स्टँड, आणि सगळे खुर्चीवर बसलेले. पुढच्या रांगेत तीन-चार सॅक्सोफोन. हेच वादक गरजेप्रमाणे क्लॅरिनेट उचलत. मागे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. एका कडेला पियानो, उभा डबल बास, ड्रम आणि गिटार. लंडन-न्यूयॉर्कहून छापील संच बोटीनं येत. एका गाण्याच्या संचात प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद असे, त्याला 'पार्ट' म्हणायचं. दुसऱ्या आल्टो सॅक्सवाल्याला फक्त दुसऱ्या आल्टोचं कळे. पहिला काय वाजवतो ते त्यानं कानानं ऐकायचं, पण डोळे आपल्या कागदावर.

हे सगळं चाले ते समोरच्या लाकडी फरशीवर फिरणाऱ्या जोडप्यांसाठी. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, फॉक्सट्रॉट चारांचा, क्विकस्टेप त्याच चारांचा पण भरधाव. वॉल्ट्झची मिनिटाला सुमारे तीस आवर्तनं, क्विकस्टेपची पन्नासच्या आसपास. लय इकडे-तिकडे झाली की नाचणाऱ्याचा पाय जोडीदाराच्या पायावर. आपल्याकडे तबलजीची लय सरकली तर जाणकार भुवई उंचावतो. तिथे बाई ओरडे. यापेक्षा कडक समीक्षक कुठल्या बैठकीत भेटणार?

अशा बँडचं पुढे काय होतं ते पाहायला थोडं दूर जाऊ, आयर्लंडला. तिथल्या संगीतात डान्स बँडचा एक ठळक अध्याय आहे. साठच्या दशकात तिथे 'शोबँड' नावाचं वेड पसरलं. त्याआधी गावोगावच्या हॉलमध्ये बसून, कागद वाचून वाजवणारे वाद्यवृंद होते. टिपररीतल्या क्लॉनमेल गावचा मिक डेलहंटीचा वाद्यवृंद त्यातला नावाजलेला. पन्नासच्या दशकात स्ट्राबेन गावच्या 'क्लिपर कार्लटन'नं नोटेशनचे स्टँड बाजूला सारले, वादक उठून उभे राहिले, हलू लागले, नकला करू लागले, आणि शोबँड जन्माला आला. पाठ झालेली गाणी उभ्यानं वाजवायची, एवढाच वरवर फरक. पण त्या फरकानं वाचून वाजवणाऱ्यांची एक पिढी जुनी झाली. त्या देशात नाचावर धर्मगुरूंची कडक नजर असे. १९३५च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना लागू लागला. आपल्याकडची गंमत उलटी आहे. इथे नाचाचं संगीत वाजवणारी माणसं तयार झाली तीच मुळी चर्चच्या शाळेत.

पोर्तुगिजांच्या अमलात गोव्यातल्या चर्चना जोडून पॅरिश शाळा असत. तिथे पोरांना बाराखडीबरोबर सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवत. चर्चच्या गायनासाठी आवाज हवे, व्हायोलिन हवं, म्हणून ही व्यवस्था. शिकवणारा मेस्त्रे छडी घेऊन उभा. पोरानं पाच रेघांवरचे ठिपके पाहून सूर लावायचा. वाद्य हातात मिळे ते त्यानंतर. हळदोणे, माजोर्डे, कुडचडे अशा भाताच्या आणि माडांच्या गावांतून त्या काळी भारतात दुर्मीळ असलेली एक साक्षरता घरोघर होती. शेतकऱ्याचा, सुताराचा मुलगा कुठल्याही अनोळखी संगीताचा कागद पुढे ठेवला तर पहिल्याच नजरेत वाजवू शके. आपल्या घराण्यांत विद्या तोंडून कानात जाते, आणि गुरूनं ती कधी द्यायची ते गुरू ठरवतो. गोव्याच्या पोराला ती कागदावरून मिळाली. कागदाला घराणं विचारता येत नाही.

गोव्यात पोट भरत नसे, त्यामुळे हे शिक्षण गावाबाहेर विकलं गेलं. ब्रिटिश हद्दीतल्या पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, सर्कशीचे बँड, मूकपटांच्या पडद्याखाली बसणारे वाद्यवृंद, जिथे कागद वाचणारा माणूस लागे तिथे गोव्याचा माणूस दिसे. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि पडद्याखालच्या वादकांचं काम हळूहळू संपलं. उरली हॉटेलं. मुंबईत उतरायची सोय म्हणजे कूड. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, अगदी थोडं भाडं, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. धोबी तलाव आणि गिरगावच्या बाजूला अशी कितीतरी. बोटीवर जाणारा खलाशी आणि हॉटेलात वाजवायला जाणारा सॅक्सोफोनवाला एकाच खोलीत झोपत. काम मिळवायचं तर प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या 'आल्फ्रेड' नावाच्या इराण्याकडे जाऊन बसायचं. आज कुणाला ट्रम्पेट हवा, उद्या कुठल्या लग्नाला चौघं कमी पडतात, ते तिथे चहावर ठरे.

पुण्याचा यात भाग होता, आणि तो मराठी पुणेकराला बहुधा ठाऊक नसतो. हिंजवडीहून शिवाजीनगरला जाताना औंध ओलांडलं की विद्यापीठाची ती उंच मनोऱ्याची इमारत लागते. मेट्रोचे खांब हल्ली तिच्या वाटेवरूनच गेलेत. ते गणेशखिंडीतलं गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान. मुंबई इलाख्याचं सरकार पावसाळ्यात पुण्याला येई. त्याच्यामागून घोड्यांच्या शर्यती, शर्यतींमागून पाहुणे, पाहुण्यांमागून बॉल आणि बॉलमागून बँड. उन्हाळ्यात मसुरीसारखी थंड ठिकाणं, पावसात पुणं, थंडीत मुंबई किंवा कलकत्ता. वादकांचं वर्ष असं हंगामावर बांधलेलं असे, आपल्या तमाशाच्या फडासारखं. गणेशखिंडीतल्या मेजवानीची मराठी मनातली आठवण मात्र एकच आहे, २२ जून १८९७च्या रात्रीची. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँड परत निघाला आणि चाफेकर बंधूंनी त्याला गाठलं. त्या रस्त्यावरच्या गोळीचा आवाज आपल्याला पाठ आहे. दिवाणखान्यातल्या वॉल्ट्झशी आपलं काही नातं नव्हतं, आणि का असावं? दाराशी दुसऱ्याचा पहारेकरी उभा असताना आतल्या संगीताचं कौतुक कुणाला वाटत नाही.

लष्कराच्या बाजूला चित्र वेगळं होतं. नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२चं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती गोलंदाज आणि अधिकारी होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा दिली गेली. म्हणजे पुण्यातली गोवेकर वस्ती कॅम्पाहून जुनी आहे. पुढे पुणे आणि खडकीच्या छावण्या झाल्या, पलटणींचे बँड आले, बंड गार्डनला संध्याकाळी बँड वाजू लागला. ओंकारेश्वरापासून तो नाद दोन-तीन मैलांवर. सदाशिव पेठेतून फिरायला गेलेले काही सभ्य गृहस्थ कुंपणाशी थांबून ऐकतही असतील. घरी येऊन त्यांनी त्याला संगीत म्हटलं नसेल, एवढी पैज मी लावतो.

मराठीत आपण गाणं 'ऐकायला बसतो'. मैफल म्हणजे बैठक. वाजवणारा बसलेला, ऐकणारा बसलेला, हलतो तो फार तर मानेचा मणका. पायानं ऐकायचं संगीत म्हणजे तमाशा, वरात, शिमगा. त्याला मजा म्हणायचं, कला म्हणताना अडखळायचं. कुणाची फजिती झाली तर 'त्याचा बँड वाजला' म्हणतो आपण. भाषेनं हा निकाल कधीच देऊन टाकलाय. म्हणून मराठी संगीताच्या इतिहासात घराण्यांना, नाट्यपदांना आणि भावगीतांना पानंच्या पानं मिळाली, आणि मुंबई-पुण्यात चाळीस वर्षं रोज रात्री कागद वाचून वाजवणाऱ्या शेकडो माणसांना ओळभरही मिळाली नाही. मुंबईच्या जॅझचा नीट इतिहास २०१२ साली आला तो इंग्रजीत, नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात. आपल्या दारातली गोष्ट आपण इंग्रजीत वाचली.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. तोवर इथले बँड लंडनच्या वळणाचे, गुळगुळीत, कपडे इस्त्री केल्यासारखे वाजवणारे. ॲबीच्या माणसांनी लयीला झोल दिला. मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यात राहिला आणि १९४५ साली तिथेच पटकीनं गेला. ही माणसं थोडाच काळ इथे होती, पण त्यांना जवळून ऐकणारी गोव्याची पोरं तयार होती. कागद त्यांना येतच होता. कागदावर नसलेलं ती आता शिकत होती, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या फटीत सूर कसा सोडायचा आणि घोगरा आवाज कसा काढायचा. १९३९पासून जवळपास दोन दशकं ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड होता. एका हॉटेलात एका माणसानं इतकी वर्षं वाजवणं ही आज कल्पनेपलीकडची गोष्ट आहे. आता तीन महिन्यांत 'एंटरटेनमेंट' बदलतात.

बदललेली नावं हा या मंडळींचा एक स्वतंत्र विषय आहे. वाझचा चिक चॉकलेट झाला. मडगावच्या बोर्डा वाड्यावरचा परेरा क्रिस पेरी झाला. कावसजी खटाव नावाचा पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन झाला. हॉटेलच्या फलकावर इंग्रजी वाटेल असं नाव लागे. सिनेमात युसूफचा दिलीप आणि मुमताजची मधुबाला होत होती, त्याच काळातली ही गोष्ट. त्या नावबदलांवर आपण अजून गप्पा मारतो. हे मात्र कुणाला आठवत नाहीत.

चिकचा जन्म १९१६चा. आईला वाटे, पोरानं मेकॅनिक व्हावं. तो रंगूनला जाऊन वाजवून आला, मुंबईत स्थिरावला, स्वतःचा अकरा जणांचा बँड बांधला. नाव 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'. ताजच्या शेजारी तेव्हा ग्रीन्स हॉटेल होतं. आज तिथे ताजचा मनोरा उभा आहे. त्या ग्रीन्समध्ये चिकचा बँड वाजे. आर्मस्ट्राँगसारखा हातात पांढरा रुमाल धरणं, घोगऱ्या आवाजात गाणं, हे सगळं त्यानं उचललं होतं. त्यात नक्कल किती आणि भक्ती किती हे वेगळं करणं कठीण आहे, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. आपल्याकडे बालगंधर्वांची नक्कल करत करत किती चांगले गवई तयार झाले!

मग सत्तेचाळीस आलं. नाचणाऱ्यांपैकी बरेच बोटीत बसून गेले. उरलेल्यांवर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलात नाच म्हटला की टेबलावर ग्लास हवा. ग्लास गेला तर गिऱ्हाईक जातं, गिऱ्हाईक गेलं की बँड पहिला कमी होतो. त्या कायद्यानं आपल्या भाषेला एक शब्द दिला, 'परमिट रूम'. हिंजवडीच्या चौकातून महामार्गाकडे जाताना आजही तो लाल अक्षरांत दिसतो. एका संगीताची कमाई ज्या कायद्यानं तोडली, त्याची ही शिल्लक राहिलेली पाटी.

या माणसांना वाचवलं सिनेमानं. पार्श्वसंगीत आणि गाणी ध्वनिमुद्रित करायला एकावेळी वीस, चाळीस, साठ वादक लागू लागले होते. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे, सरगम सांगे. ती चाल साठ जणांत कशी वाटायची हे कागदावरच ठरू शकतं, आणि कागद येणारी माणसं एकाच ठिकाणी होती. त्यांना 'अरेंजर' म्हणत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३च्या सुमाराला मुंबईत आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या नायकाच्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते या शिष्यामुळे. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईला आल्यावर शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ अरेंजर म्हणून काम केलं. तुम्ही-आम्ही 'शंकर-जयकिशनचे व्हायोलिन' म्हणून जे डोळे मिटून ऐकतो, ते कागदावर उतरवणारा हात त्यांचा. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड मसुरीला वाजवत असताना गांधीजींना भेटले, आणि तेव्हापासून रागांमधून जॅझ वाजवायचं त्यांनी मनात घेतलं असं ते सांगत. पुढे त्यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

श्रेयनामावलीत यांतल्या बहुतेकांची नावं येत नसत. आली तरी 'सहायक' म्हणून, पळत्या अक्षरांत. १९५८ साली गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवरच्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या रात्री तो माणूस कुणाचा सहायक नव्हता. पण असे प्रयोग वर्षानुवर्षं चालवायला लागणारा पैसा कुणी पुढे केला नाही.

आता मराठी माणूस या गोष्टीत येतो. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकलेला. म्हणजे ग्वाल्हेरची शिस्त, पलुस्करांची परंपरा, बसून गाण्याचा पक्का संस्कार. हा तरुण सी. रामचंद्र होऊन मुंबईच्या स्टुडिओत बसला आणि त्यानं चिक चॉकलेटला आपला सहायक केलं. १९४७च्या 'शहनाई'मध्ये आणि १९५०च्या 'समाधी'मध्ये हॉटेलच्या फरशीवरचा ठेका हिंदी गाण्यात शिरला. 'अलबेला'त तो पुरता घरचा झाला. बाँगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेटची तान, आणि मध्येच चितळकरांचा स्वतःचा खेळकर आवाज. चित्रपट भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादांचा. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, नायक तेच. गिरणगावाच्या अंगणात वाढलेला, कुस्ती-कसरत केलेला, थोडा पोट सुटलेला नायक. बॉलरूमच्या फरशीवर ज्याला कुणी उभं केलं नसतं, त्यानं त्या फरशीचा ठेका घेतला आणि पाय न उचलता नाचून दाखवला. मला नेहमी वाटतं, ती चाल दहा बाय बाराच्या खोलीत शोधलेली असणार. तिला जागाच लागत नाही.

विनायकबुवांच्या शिष्याला हळदोण्याच्या ट्रम्पेटवाल्यात काय दिसलं असेल? कानाचा कस ओळखायला घराणं आड येत नाही, हे एक. दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की चितळकर पुणतांब्याचे होते. गोदाकाठच्या गावच्या जत्रेत वाढलेल्याला पायानं ऐकायच्या संगीताची लाज नसते. पुण्याच्या वर्गात ती लाज शिकवली गेली असेल, पण त्यांनी ती घेतली नाही.

'अलबेला' धो धो चालला. रेकॉर्डी गावोगाव गेल्या, आणि त्या ऐकून गाणी उचलली ती लग्नाच्या बँडवाल्यांनी. पुण्यात प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही ब्रास बँडची नावं गणपतीच्या मिरवणुकीमुळे सगळ्यांच्या ओठांवर असतात. या परंपरेचं मूळ पलटणींच्या बँडमध्ये आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल. डान्स बँडचीच ही चुलत भावंडं, फक्त ती उन्हात चालत वाजवणारी. मास्तर रेकॉर्ड पुन्हापुन्हा लावून चाल बसवी, सरगम लिहून देई, लताबाईंची ओळ ट्रम्पेटला आणि चितळकरांची युफोनियमला. चिकनं स्टुडिओत फुंकलेला तुकडा असा दोन-तीन हातांतून जाऊन मुळशीच्या, मावळच्या रस्त्यावर पोहोचला. हिंजवडी तेव्हा भाताचं गाव. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. त्याचा ढोल-ताशा गावचा, रक्तातला. लग्नात मात्र ऐपत असेल तर बँड आणायचा, म्हणजे चार गावांत नाव निघे. बँडवाल्यांना जरीचे डगले घालायचे, वरातीत सगळ्यात पुढे ठेवायचं आणि पंगतीत सगळ्यात शेवटी बसवायचं. गव्हर्नरच्या दिवाणखान्यातल्या वादकाचं जेवण स्वयंपाकघराच्या बाजूलाच होत असणार. वाजवणाऱ्याची जागा ठरवताना साहेब आणि पाटील फारसे वेगळे नव्हते.

पुढचं झपाट्यानं झालं. साठच्या दशकात बीट ग्रुप आले. चार मुलं, विजेची गिटार, कागद नाही. आयर्लंडमध्ये जे घडलं तेच इथे, फक्त थोड्या उशिरानं आणि कमी गाजावाजानं. चौदा जणांच्या जागी चार जण परवडले, मग ताजमध्ये 'ब्लो अप' नावाचा डिस्कोथेक निघाला आणि एका रेकॉर्ड लावणाऱ्यात काम भागू लागलं. हॉटेलमालकाच्या वहीत हा हिशोब अगदी सरळ होता. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना हे शेवटच्या उजेडातलं एक झगझगीत नाव. क्रिस पेरी यांनी डान्स बँडचा सगळा साज कोंकणी गाण्याला चढवला. ती गाणी गोव्यात आजही लग्नात वाजतात. २०१४च्या आसपास बार्ड्रॉय बारेटो यांनी त्या गाण्यांभोवती गुंफलेला 'नाचूं-या कुंपासार' हा चित्रपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 'कुंपासार' म्हणजे ठेक्यावर. गोवेकरांनी आपल्या वादकांची आठवण अशी ठेवली. ते वादक मुंबईत आणि पुण्यातही वाजवून गेले, याची आठवण आपण ठेवायची होती.

चिक १९६७च्या मे महिन्यात गेला, वय एक्कावन्न. त्याच्या आदल्या वर्षी चेतन आनंद यांच्या 'आखरी खत'मध्ये तो पुन्हा एकदा पडद्यावर दिसला. संगीत खय्याम यांचं, गायला तरुण भूपिंदर, तोही पडद्यावरच. रात्रीचा क्लब, मंद दिवे आणि चिकचा ट्रम्पेट. 'अलबेला'त झालरीच्या बाह्यांत खिदळणारा बँड आणि इथला हा एकटा सूर, मध्ये पंधरा वर्षं. दोन्ही गाणी लागोपाठ पाहा. डान्स बँडचा उदय आणि अस्त दहा मिनिटांत समोर येतो.

हिंजवडीत शनिवारी रात्री आता पायांना सुट्टी नसते. बाणेर-वाकडच्या जिममध्ये साल्सा आणि बचाताचे वर्ग चालतात. आयटीतली मुलं-मुली 'वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन' मोजत घाम गाळतात. एकेकाळी जे गव्हर्नरच्या पाहुण्यांचं होतं ते आज यवतमाळच्या, लातूरच्या पोरांचं झालंय. हे मला मनापासून आवडतं. खटकतं ते एवढंच की वाजवणारा खोलीतून गेला. एका कोपऱ्यात स्पीकर. नाचणारा चुकला तर स्पीकरला कळत नाही, आणि स्पीकर कधी चुकतच नाही. डान्स बँडचा म्होरक्या सगळी संध्याकाळ फरशीकडे पाहत असे. म्हातारी जोडपी उठली की लय किंचित सैल सोडायची, तरुण जास्त झाले की क्विकस्टेप काढायचा, कुणी भांडणाच्या बेतात दिसलं की वॉल्ट्झ. आमच्या मागच्या लॉन्सवरच्या डीजेवाल्यानं फेट्यांकडे बघून 'शोला जो भडके' लावलं, त्यात त्या जुन्या कसबाचा अंश होता, हे मान्य करायला हवं. बाकीच्या रात्रींबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे.

राहता राहिले ते कागद. ध्वनिमुद्रण संपलं की पार्टची चवड बाजूला पडे. स्टुडिओ बंद झाले, घरं लहान झाली, वादक वारले, नातवंडं परदेशी गेली. त्यांतले फारच थोडे कागद आज जपलेले आहेत. आपल्याकडे जुन्या बंदिशींच्या वह्यांसाठी माणसं भांडतात. या कागदांना ते भाग्य नाही, कारण ते कुणाच्या घराण्याचे नाहीत.

म्हणून एक विनंती. पुणे कॅम्पात, नाना पेठेत, गिरगावात, बेळगावात, सावंतवाडीत, तुमच्या किंवा शेजारच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली असेल. तिच्यात पाच रेघांचे, शाईनं हातानं लिहिलेले पिवळे कागद निघाले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी वरचा डावा कोपरा पाहा. तिथे वाद्याचं नाव असतं, 'सेकंड ट्रम्पेट' किंवा 'थर्ड सॅक्स'. कधी मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि हॉटेलचं नाव असतं. कागद तसाच, त्याच क्रमानं, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा. दोरी बांधू नका, ती कडा कापते.